गॅरेजात शहाणी

रस्त्यात गाडी बंद पडली की लोक आधी गाडीकडे बघत नाहीत, चालवणाऱ्याकडे बघतात. चालवणारी बाई असेल तर जरा जास्तच बघतात, आणि तिचे केस पांढरे असतील तर मग विचारूच नका. रोगाचं निदान तिथल्या तिथे होऊन जातं. मागचा हॉर्नवरचा हात काढत नाही, बाजूने जाणारा काच खाली करून "क्लच, आजी, क्लच!" असं ओरडतो आणि आपण मोठंच समाजकार्य केल्यासारखा निघून जातो. अरे, तुझ्या वयाइतकी वर्षं मी क्लच दाबतेय. पण हे ऐकायला तो थांबलेला असतो कुठे?

दोन महिने हेच चाललं होतं. गाडी छान चालत असायची आणि मध्येच, काही कारण नसताना, कण्हणं नाही, कुथणं नाही, एकदम गप्प. पुन्हा किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. जणू काही झालंच नव्हतं. कायमची बंद पडली असती तरी चाललं असतं, निदान लोकांना दाखवता तरी आलं असतं.

माझ्या शेजारच्या सीटवर अक्का असायची. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, त्यामुळे सासर, मुलंबाळं असं काही नाही, जे काही आहे ते मी. मागच्या वर्षी तिला झटका आला, एक बाजू लुळी पडली आणि बोलणं तुटलं. जी बाई समोरच्याला श्वास घेऊ न देता बोलायची, तिच्या तोंडून आता एका वेळी एकच शब्द येतो, तोही दमवून. तेव्हापासून ती माझ्याकडे असते. गावाच्या दुसऱ्या टोकाला व्यायामाचं केंद्र आहे, तिथे मी तिला एक दिवसाआड घेऊन जाते. तिथल्या बाई कडक आहेत पण त्यांच्या हाताला गुण आहे. त्यांनी अक्काला आधाराशिवाय उभं केलं. "खंड पडू देऊ नका," एवढंच त्या मला दर वेळी बजावतात. भाड्याच्या गाड्या आम्ही करून पाहिल्या. अक्काला पाय उचलून आत घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ते ड्रायव्हर अशी तोंडं करतात की तिसऱ्या वेळी तिने जायलाच नकार दिला.

म्हणजे गाडी होती म्हणून अक्काचा व्यायाम होता, आणि व्यायाम होता म्हणून ती माझ्या घरात होती. कारण आमच्या चिरंजीवांनी दुसरी सोय बघून ठेवली होती. शहराबाहेर एक संस्था आहे, आजारी म्हाताऱ्या माणसांसाठी. व्यायाम तिथेच, डॉक्टर तिथेच, खिडकीतून झाडं दिसतात. "आई, तू तरी किती दिवस करणार?" असं तो म्हणायचा. तो वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त भांडता आलं असतं. तो काळजीने बोलतो, हळू आवाजात, आणि त्या हळू आवाजाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुलावर गाडी बंद पडली त्या दिवसापासून त्याचा आवाज आणखी हळू झाला. मागे बस होती. बसचा ड्रायव्हर काय काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही. अक्काने चांगल्या हाताने डॅशबोर्डकडे बोट दाखवून म्हटलं, "रेडिओ."

"अगं बाई, गाडी बंद पडलीय! आणि तुला रेडिओची पडलीय?"

"रेडिओ," अक्का पुन्हा म्हणाली. नाराजीनेच म्हणाली. त्या वेळी रेडिओवर कादंबरीचं वाचन लागायचं आणि ते तिला अगदी मनापासून आवडायचं. मी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, वाचनही सुरू झालं. पुढे हे दर वेळचंच झालं. गाडी गचका खाऊन थांबायची, मी देवाचं नाव घ्यायची आणि अक्का रेडिओचं.

मी गॅरेजात गेले. आमच्या गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात. बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून तो इंजिन ऐकतो म्हणून हे नाव पडलं, आणि आता तोही ते फार मनावर घेतो.

"चावी द्या काकू," तो म्हणाला.

मी पर्समधून जुडगा काढला. माझा जुडगा प्रसिद्ध आहे. पुढचं दार, मागचं दार, कपाट, आतला कप्पा, अक्काचं बंद ठेवलेलं घर, गच्चीचा दरवाजा, वरच्या मजल्यावरच्या मंडळींची जादा किल्ली, शिवाय कुठल्या कुलपाच्या हे मलाही आठवत नाही अशा पितळेच्या दोन दणकट किल्ल्या. फेकून कशा देणार? उद्या ते कुलूप सापडलं म्हणजे? त्या जुडग्यातून मी गाडीची किल्ली सोडवायला लागले. कडी इतकी घट्ट की दर वेळी नख तुटतं. डॉक्टर हात पुढे करून उभा. पण घराच्या किल्ल्या परक्याच्या हातात क्षणभरही द्यायच्या नाहीत, ही आमच्या आईची शिकवण. आम्ही दोघी बहिणींनी ती आजवर मोडलेली नाही. नख तुटलं, किल्ली सुटली, ती मी त्याला दिली आणि जुडगा पुन्हा पर्समध्ये टाकला.

डॉक्टरने गाडी फिरवून आणली. "ठणठणीत आहे."

"ठणठणीत असती तर मी तुमच्याकडे हवा खायला आलेय का?"

मग त्याने पेट्रोलचा फिल्टर बदलला. पुढच्या खेपेला हवा जाते ती नळी साफ केली. त्याच्या पुढच्या खेपेला बॅटरीच्या तारा घट्ट केल्या, आणि एक यंत्र लावून त्याच्या पडद्यावर बराच वेळ बघितलं. "काही दाखवत नाही," असं तो अशा सुरात म्हणाला की जणू दाखवण्यासारखं काही असेल तर ते माझ्यात. दर वेळी गाडी गॅरेजात असेपर्यंत शहाण्या मुलीसारखी वागायची. घरी नेली की दुसऱ्या दिवशी, नाहीतर तिसऱ्या, पुन्हा तोच तमाशा.

शेवटी मी डॉक्टरलाच शेजारी बसवलं आणि स्वतः चालवली. किल्ली त्याने आधीच लावून ठेवलेली होती. मी मुद्दाम वाईट रस्ता धरला. जो दिसेल तो खड्डा, जो दिसेल तो गतिरोधक. गाडीने हूं की चूं केलं नाही. डॉक्टर आधी टणाटण उडत होता, मग खिडकीच्या वरची कडी धरून बसला.

"काकू," उतरताना तो म्हणाला, "राग मानू नका, पण तुम्ही थोडं टेन्शन घेता का गाडी चालवताना?"

घेते. आता घेते. दोन महिन्यांपूर्वी घेत नव्हते! पण हे त्याला सांगून काय उपयोग? मी गाडी घेऊन घरी आले, तुटक्या नखाने किल्ली पुन्हा कडीत घातली, आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या वळणावर गाडी बंद.

चिरंजीवांनीही तपासणी करून झाली. दुसरी किल्ली त्याच्याकडेच असते, कारण माझ्याकडे असली तर मी हरवेन असा त्याचा अंदाज. त्याने आपल्या किल्लीने गाडी काढली, तासभर फिरवली, आणि येऊन माझ्यासमोर बसला.

"आई, गाडीला काही झालेलं नाही."

"म्हणजे मला झालंय."

"मी असं म्हणालो का?"

"मग काय म्हणालास?"

तो त्या हळू आवाजात म्हणाला, "क्लच कधी कधी अर्धवट दाबला जातो. वयानं होतं गं. तुझा दोष नाही त्यात. पुलावर मागून बस होती, आई. ती थांबली म्हणून. नसती थांबली तर?" आणि मग सगळं ठरवूनच आल्यासारखं त्याने सांगितलं. संस्थेत खोली राखून ठेवली आहे. रविवारी येतो. अक्कामावशीला खोली दाखवू, आणि गाडीही मी घेऊन जातो. रोज रोज जिवाला घोर नको.

अक्का पलंगावर बसून हे ऐकत होती. "नाही," ती म्हणाली. चिरंजीव तिच्याजवळ जाऊन प्रेमाने समजावू लागला, आणि ती मान भिंतीकडे वळवून बसली. एका शब्दाने भांडता येत नाही. पूर्वीची अक्का असती तर त्याला पळता भुई थोडी झाली असती. मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. सगळ्यात वाईट म्हणजे, पहिल्यांदाच मला वाटलं की त्याचं खरं असेल. माझाच पाय चुकत असेल आणि मला कळत नसेल. मग मी अक्काला कुठल्या तोंडाने शेजारी बसवत होते?

रविवारच्या आधी व्यायामाची एकच खेप उरली होती. न्यायची की नाही यावर मी सकाळपासून स्वतःशी भांडत होते. पण अक्का बूट घालून दाराशी बसली होती. गेलो. मी बैलगाडीच्या वेगाने चालले होते, पायाकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष. रेडिओवर वाचन ऐन रंगात आलं होतं. गोष्टीतली बाई अंधाऱ्या जिन्याने वर गेली, तिने दार ढकललं आणि आत पाहते तर...

शांतता. वाचणारा गप्प. मग गाडीने गचका खाल्ला आणि इंजिन गप्प.

"रेडिओ!" अक्का ओरडली.

"अक्का, माझं डोकं फिरवू नकोस!"

"रेडिओ," ती म्हणाली. मग तिने डोळे मिटले, मान ताठ केली, ओठ दोनदा नुसतेच हलले, आणि घामाघूम होत तिने दुसरा शब्द बाहेर काढला. "आधी!"

मागे हॉर्न वाजत होते. वाजू देत. मी तशीच बसून राहिले.

मी नोकरीची सगळी वर्षं टेलिफोनच्या तक्रार विभागात काढली. दिवसभर कानाला फोन आणि पलीकडे चिडलेली माणसं. फोन बंद आहे असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न ठरलेला, पूर्ण मुका आहे की आत खरखर ऐकू येते? मुका असेल तर माणूस एकीकडे पाठवायचा, खरखर असेल तर दुसरीकडे. मी हा प्रश्न हजारो लोकांना विचारला असेल. आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसून एक बाई दोन महिने तक्रार नोंदवत होती, तर मी तिला ओरडत होते. गाडी बंद पडल्यामुळे रेडिओ जात नव्हता. आधी रेडिओ जात होता.

व्यायाम उरकून मी गाडी सरळ गॅरेजात घातली. अक्काला उतरवण्यात वेळ जाईल म्हणून ती आतच बसली. मी कडीशी झटून किल्ली सोडवली, उरलेलं नखही गेलं, आणि डॉक्टरला सगळं सांगितलं.

"रेडिओ जातो?" तो सरळ उभा राहिला. "आणि ते समोरचे लाल दिवे? गाडी बंद पडल्यावर ते लागतात ना?"

"सगळं काळं होतं. मग आपोआप परत येतं."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत?"

"अहो, पेट्रोलचा घोळ असता तर रेडिओ वाजत राहिला असता," तो म्हणाला. "ही वीजच तुटतेय मधूनच. मी उगाच पेट्रोलच्या मागे लागलो." तो आत बसला. किल्ली फिरवली, हलवली, इंजिन चालू ठेवून तारा ओढून पाहिल्या. गाडी पुन्हा शहाणी. त्याने कपाळाला हात लावला. मला त्याची थोडी कीव आली, पण थोडीच.

"गाडी ठेवून जा. सगळं उघडून बघतो."

"आधी हिला घरी सोडते, मग आणते." मी ड्रायव्हरच्या जागी बसले, किल्ली जुडग्यात घातली, जुडगा लावला आणि गाडी सुरू केली. डॉक्टर खिडकीत वाकून अजून काहीतरी सांगत होता. सांगता सांगता थांबला.

"हे काय?"

"किल्ल्या."

"एवढं सगळं रोज इथे लटकतं?"

"मग कुठे लटकणार?"

"मला कधी दिसलं नाही ते."

"तुम्हाला कसं दिसेल? घराच्या किल्ल्या मी कुणाला..." आणि इथे माझं तोंड उघडंच राहिलं.

चिरंजीवाकडे सुटी किल्ली. डॉक्टरकडे सुटी किल्ली. त्याला शेजारी बसवून मी खड्ड्यांतून नाचवली तेव्हाही सुटी किल्ली. पितळेसकट तो सगळा संसार लटकायचा तो फक्त मी आणि अक्का असताना.

डॉक्टरने जुडग्याकडे हात पुढे केला. "हात लावू नका!" मी म्हणाले. सवयीने म्हणाले, मग मलाच लाज वाटली, पण हात तरीही मीच घातला. जुडगा धरला आणि जरासा खाली ओढला. फार नाही, गतिरोधकावर झोका बसेल इतपत.

रेडिओ बंद. दिवे बंद. इंजिन बंद.

"रेडिओ," अक्का म्हणाली, आणि हसायला लागली. तिचं हसणं आता एकाच बाजूने होतं. डॉक्टरही हसला, मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग एकदम आठवलं की मी परवा स्वयंपाकघरात कशी उभी होते, आणि हसू थांबलं.

किल्ली फिरते तिथलं आतलं स्विच झिजलं होतं. वर्षानुवर्षं वजन ओढलं गेलं, आता झोका बसला की जोडणी सुटते. नवीन स्विच सोमवारी मिळणार होतं. "तोवर नुसती किल्ली लावा," डॉक्टर म्हणाला, "काही होणार नाही." हे सांगताना तो बॉनेटवर हात ठेवायचाही विसरला.

चिरंजीवाला फोन करून हे सांगता आलं असतं. मी केला नाही. मी काही केलं नाही, हे दोन महिने मी सांगतच तर होते.

रविवारी तो आला. अक्काला त्याने हळुवारपणे पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला. मला मागे बसायला सांगून त्याने हात पुढे केला. "आई, तुझी किल्ली दे. दोन्ही माझ्याकडेच राहू देत आता."

मी अख्खा जुडगा त्याच्या हातात ठेवला. त्याला वाटलं आईने हार मानली. त्याचा चेहरा पडला, मला कसंतरी झालं आणि सांगून टाकावंसंही वाटलं. पण त्याने जुडगा लावला आणि गाडी सुरू केली. आमच्या गल्लीत गतिरोधक आहेत, गाडी माणसाच्या चालीने जाते. गल्लीत काही झालं नाही तर मोठ्या रस्त्याला लागण्याआधी त्याला थांबवायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं.

पहिला गतिरोधक गेला. दुसऱ्यावर जुडगा खणखणला. रेडिओवरच्या बातम्या अर्ध्या शब्दात तुटल्या, गाडीने गचका खाल्ला आणि इंजिन गेलं.

त्याने पायाकडे पाहिलं. स्टिअरिंगकडे पाहिलं. मागे एक गाडी हॉर्न देऊ लागली. तिच्यातल्या माणसाला धीर धरवेना, त्याने आमच्या बाजूने गाडी काढली, काच खाली केली आणि ओरडला, "क्लच! क्लच!"

"मी काही केलं नाही," चिरंजीव म्हणाला. त्या माणसाला नाही, मला म्हणाला. आरशात त्याचे डोळे दिसत होते. कान लाल झाले होते. "आई, खरंच. मी काही केलं नाही."

माझ्याकडे वाक्यं तयार होती. दोन महिने घासूनपुसून ठेवलेली. वयानं होतं रे, तुझा दोष नाही त्यात, हे तर मी अगदी त्याच्याच हळू आवाजात म्हणणार होते. पण त्याचा तो चेहरा मी ओळखला. तो माझाच चेहरा होता, पुलावरचा.

"माहीत आहे," मी म्हणाले.

एवढे दोनच शब्द होते. मला कुणी म्हणालं असतं तर मी सगळ्या गावाला माफ केलं असतं.

मग मी पुढे वाकून जुडगा काढून घेतला आणि त्याला सगळं सांगितलं. रेडिओ, पितळेच्या किल्ल्या, सोमवारी मिळणारं स्विच. तो मान खाली घालून ऐकत होता. मध्ये एकदा म्हणाला, "मी काही केलं नाही, हेच तर तू रोज सांगत होतीस." मी कडीतून गाडीची किल्ली सोडवली. या खेपेला तुटायला नख शिल्लक नव्हतं.

"घे. आता चालव, काही होणार नाही."

त्याने किल्ली घेतली नाही. खिशातून स्वतःचीही काढली आणि माझ्या हातात ठेवली. उतरला, माझ्या बाजूचं दार उघडलं, आणि मी पुढे जाऊन बसल्यावर स्वतः मागे जाऊन बसला, लहानपणी बसायचा तसा, मधोमध.

किल्ली लावली. बातम्या परत आल्या.

"कुठे जायचं?" मी विचारलं. कुणाला विचारलं, कोण जाणे. चिरंजीव घसा साफ करून म्हणाला, "खोली राखून ठेवलीय, बघून तरी..."

"घरी," अक्का म्हणाली. तिने चांगल्या हाताने रेडिओचा आवाज वाढवला, म्हणजे पुढचं कुणाचं काही ऐकू येऊ नये.

मी क्लच दाबला. अगदी सावकाश, पूर्ण, सगळ्यांना दिसेल असा.